जावयाच्या डोळ्याला कुंकू

माझं बालपण कोयनानगरच्या कॉलनीत गेलं. वडील प्रकल्पावर नोकरीला होते. तिथं जमीन अधूनमधून हलायचीच. भांडी वाजायला लागली की शेजारच्या काकू देव पाण्यात ठेवायच्या, आई स्टोव्हवरचं दूध खाली उतरवायची आणि वडील कॅलेंडरवर वेळ लिहून पुन्हा जेवायला बसायचे. अशा घरात वाढलेल्या माणसाला भानामती, करणी, झपाटणं वगैरे सांगून उपयोग नसतो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि प्रत्येकात खोट काढतो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे... तेव्हा काढा खोट. मला तरी अजून सापडलेली नाही.

नावं सगळी बदलली आहेत. का बदलली, ते शेवटी येईल.

कराडजवळ मलकापूर सोडलं की हायवेच्या कडेनं शेडची रांग लागते. त्यातल्या एका शेडमध्ये मी सत्तावीस वर्षं वेल्डर आहे. कामं दोन प्रकारची. एक म्हणजे ऊस वाहायच्या ट्रॉलीचे ब्रॅकेट — सपाट, सरळ सांधा, गप्पा मारत मारावा असा. दुसरं म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरचे पाइप. पाइप जागचा हलत नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. खालून, बगलेतून, वरून, वितळलेलं लोखंड सांडू न देता. केसाएवढं भोक राहिलं तरी वाफ तिथूनच फुटायची. म्हणून पाइपवाल्या वेल्डरची दरवर्षी परीक्षा होते. बाहेरचा इन्स्पेक्टर येतो, समोर उभा राहून नमुन्याचा सांधा मारून घेतो, मग त्याच्या पट्ट्या कापून प्रेसवर वाकवतो. चीर पडली की नापास. आमच्या शेडमध्ये पाइपवाला एकच — मी. हे मी जरा छाती काढूनच सांगतोय, कारण मिरवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

हा हात मला आबा मिस्त्रींनी दिला. एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली आलो. आबा आता पंचाहत्तरीला आले, काम कधीच सोडलं, पण दुपारी जेवून शेडवर यायचे आणि माझ्या बूथशेजारी, म्हणजे वेल्डिंगच्या आडोशाशेजारी, स्टूल टाकून बसायचे. जन्मभर वेल्डिंगचा उजेड बघून बघून डोळे गेलेले. माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही. पण सांध्यावरून अंगठा फिरवला की काम कुणी केलं, कधी चिडून केलं, कधी जेवायच्या घाईत केलं, सगळं सांगायचे. आणि त्यांचं कौतुक म्हणजे एकच शब्द. "चालंल." सत्तावीस वर्षं मी हे "चालंल" खिशात घालून घरी जातोय. त्याच्या वरची पायरी म्हणजे "हात बसलाय". ती मी त्यांच्या तोंडून दोनदाच ऐकली होती, आणि दोन्ही वेळा मेलेल्या माणसांबद्दल.

माझ्या सांध्याला एक खोड आहे — होती म्हणा. उमेदवारीच्या काळात उजव्या अंगठ्यावर प्लेट पडली, तेव्हापासून सांधा संपवताना माझा हात नखभर मागं यायचा आणि डावीकडं बारीक वळायचा. मजबुतीला त्यानं काही फरक पडत नाही, दिसायला मात्र ते उगीच वळलेलं दिसतं. आबा त्याला शेपूट म्हणत. तुझं शेपूट काय जायचं न्हाई, असं दर आठवड्याला ऐकवत. पण पन्नास ब्रॅकेटच्या ढिगातून त्याच शेपटावरून माझा नग उचलून बाजूला ठेवत. त्यात मला शिव्या खाताना सुद्धा बरं वाटायचं.

जूनमध्ये शेडमध्ये रोबो आला. ब्रॅकेट मारायला एक नारंगी हात, पिवळ्या जाळीच्या पिंजऱ्यात. माझ्या बूथच्या बरोबर समोर, सात-आठ फुटांवर. दोनच दिवसांत पोरांनी त्याचं नाव जावई ठेवलं, आणि ते नाव चिकटलंच, कारण थाटच तसा होता. त्याला वेगळा स्टॅबिलायझर. त्याच्या पॅनेलला गार हवा. त्याच्या भोवती दिवसातून दोनदा झाडू. मालकीणबाईंनी पहिल्या दिवशी औक्षण केलं. माझ्या बूथमधला पंखा तीन उन्हाळे "उद्या बघू"वर होता, तो तसाच राहिला.

त्याला शिकवायला सांगलीहून प्राजक्ता मॅडम यायच्या. वय सव्वीस-सत्तावीस, हुशार, बोलायला साध्या, मला काका म्हणायच्या. त्यांनी मला त्याचं मनगट दाखवलं. जिथून ठिणगी निघते तिथंच शेजारी अंगठ्याएवढी काच आहे. तिच्यातून तो सांधा बघतो. सांधा जरा वाकडा असला तरी बघून बघून आपला हात वळवतो. "हाच त्याचा डोळा," त्या म्हणाल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी पण ठेवली होती... तेच तर सांगायचंय.

पहिल्याच दुपारी आबा आले, जाळीपाशी गेले आणि जावयानं केलेला पहिला ब्रॅकेट मागून घेतला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग मान हलवून म्हणाले, "हात बसलाय." आणि आपलं स्टूल उचललं — माझ्या बूथशेजारचं — आणि जाळीशेजारी नेऊन ठेवलं.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला जळजळलं. ज्या वस्तूला हातच नाही, तिला पहिल्या दिवशी "हात बसलाय", आणि माझी सत्तावीस वर्षं "चालंल"? रात्री जेवताना मी त्या यंत्राबद्दल इतका वेळ बोललो की सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, भाकरी टाकता टाकता म्हणाली, अहो, सवत आल्यासारखं काय करताय? मी ताटावरून उठलो. तिनं गमतीनं म्हटलं होतं, पण बरोबर जागेवर लागलं.

त्यानंतर माझ्या हातात एक विचित्र फरक पडला. ब्रॅकेट मारायचे असले, की जावई समोर चालू असताना माझा हात पळायचा. दिवसाला साठ-पासष्ट व्हायचे ते ऐंशीच्या वर जायला लागले. त्याच्याकडे बघत नव्हतो, पण तो आहे हे पाठीलासुद्धा कळत होतं. मालक खूश. पण पाइप हातात घेतला की उलट. जो सांधा मी झोपेत मारला असता, त्याच्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडायला लागली. खालून वर येताना मनगट अवघडायचं. सारखं वाटायचं, की समोरचा बघतोय, आणि त्याचं कधीच चुकत नाही. आठवड्यात चार पाइप घासून पुन्हा मारावे लागले. असं माझ्या उमेदवारीतसुद्धा झालं नव्हतं.

हे मी प्राजक्ता मॅडमना सांगितलं. कुणाला तरी सांगायचं होतं आणि आबांना सांगायची लाज वाटत होती. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, कुणी बघत असलं की माणसाचं सोपं काम झपाट्यानं होतं आणि अवघड काम बिघडतं, हे सगळ्यांना होतं. बघणारं माणूसच हवं असं नाही, यंत्र असलं तरी मन फसतं. मला बरं वाटलं. कोयनानगरच्या माणसाला कारण मिळालं की झोप लागते. त्यांनीच सुचवलं म्हणून मी पाइप मारताना जावई बंद करून त्याच्यावर ताडपत्री टाकायला लागलो. त्यानं फरक पडायला हवा होता. पडला नाही. बंद असताना, झाकलेला असतानाही माझं मनगट तसंच अवघडायचं, उलट ताडपत्रीखाली तो काय करतोय याचाच विचार डोक्यात राहायचा.

जुलै संपता संपता आबा लेकीकडे मिरजेला गेले, डोळ्यांच्या ऑपरेशनला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मोतीबिंदू निघेल, पण आतला पडदा भाजलेला आहे, फार आशा धरू नका. तसंच झालं. ते दोन-अडीच महिने तिकडंच राहिले. दसऱ्यापर्यंतचं सगळं ते नसताना घडलं, त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. हेही लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये एक दिवस मी जावयानं केलेले ब्रॅकेट मोजून ठेवत होतो. एकाच्या सांध्यावरून सहज अंगठा गेला आणि मी थांबलो. शेवटाला नखभर मागं येऊन डावीकडं वळण. दुसरा उचलला, त्यालाही. तिसऱ्यालाही. शेपूट. माझं शेपूट.

माझा पहिला संशय मॅडमवर गेला. वाटलं माझं काम बघून यांनी त्याला तसं शिकवलं. रागानं बोललो मी, नाही म्हणत नाही. त्यांनी शांतपणे कॉम्प्युटरवर त्याचा सगळा प्रोग्रॅम उघडून दाखवला. सांधा जिथं संपतो तिथं ठिणगी बंद, हात सरळ वर. मागं येणं नाही, डावीकडं जाणं नाही. मग आम्ही मोबाईलवर काळी काच धरून व्हिडिओ काढला. हळू करून दहा वेळा बघितला. हात सरळ येतो, सरळ वर उचलला जातो. आणि ब्रॅकेट गार झाल्यावर बघावं तर शेपूट आहेच. मॅडम म्हणाल्या, अर्थिंगची केबल कुठं लावली त्यावरून कधी कधी ठिणगी एका बाजूला ओढली जाते. ते मलाही माहीत आहे. केबल चार ठिकाणी बदलून लावली. चारही वेळा शेपूट डावीकडंच. शेवटी त्यांनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, मजबुतीत काही फरक नाही ना, मग चालू दे.

त्यांनी हातावेगळं केलं. मी घरी जायच्या आधी माझ्या बूथमध्ये गेलो, एक ब्रॅकेट मारला आणि शेवट बघितला. सरळ. सुरीनं कापल्यासारखा सरळ.

ज्या खोडीसाठी सत्तावीस वर्षं बोलणी खाल्ली, ती गेली होती. मग मी मुद्दाम शेपूट काढून बघितलं. हात मागं आणला, डावीकडं वळवला, आणि तिथं नुसता लोखंडाचा गोळा झाला. शाळेतल्या पोरानं बापाची सही करावी तसा. एखाद्याची चांगली गोष्ट कुणी नेली तर माणूस तक्रार तरी करतो. माझी वाईट सवय नेली होती. कुणाला सांगू? आणि खरं तर सवय गेल्याचं दुःख नव्हतंच. आबांच्या अंगठ्याला मी त्या शेपटावरून सापडत होतो. ते आता त्याच्याकडे होतं.

दसरा आला तोवर माझ्या मनात दुसरं काहीच उरलं नव्हतं. घरी नीट बोलत नव्हतो. पाइपचं काम मालकांनी न बोलता कमी केलं होतं. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली होती, आणि मालकांनी केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, की या वेळी पास झाला नाहीस तर पाइप बाहेरून मारून घ्यावे लागतील. ब्रॅकेटला जावई आहेच. म्हणजे मी कशाला, ते त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात, हे तुम्हाला सांगायला नको. शेडचा मेन स्विच बंद. ग्राइंडर, हातोडे, वेल्डिंगची कांडी धरायचे होल्डर, माप घ्यायच्या पट्ट्या, सगळं पुसून एका चादरीवर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ, आणि मग दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आबा त्या दिवसासाठी मिरजेहून मुद्दाम आले होते, काळा चष्मा लावून. दर वर्षी चादरीच्या मधोमध त्यांचा जुना होल्डर असायचा, ज्याच्यावर मी शिकलो. त्या वर्षी चादर जाळीपाशी अंथरली होती आणि मधोमध जावई. होल्डर कडेला, ग्राइंडरच्या मागं.

मालकीणबाईंनी ताम्हन माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, दत्ताभाऊ, तुम्ही सगळ्यांत जुने, जावयाला हळद-कुंकू तुम्हीच लावा. मी पिंजऱ्यात शिरलो. त्याचा हात खाली वाकवून ठेवला होता, मनगट माझ्या तोंडासमोर. बोटावर ओली हळद घेतली, वर कुंकू घेतलं. यंत्राला कपाळ कुठं असतं? कुणीही लावलं असतं तर अंदाजानं कुठंतरी लावलं असतं, आणि काचेवर लागलं असतं तर चूक म्हणता आली असती. मी मात्र चांगलं बघून, अंगठा दाबून, काचेवर मधोमध लावलं. मला माहीत होतं तो त्याचा डोळा आहे. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. इतकं समाधान मला त्या वर्षात कधी मिळालं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी मी लवकर गेलो. इन्स्पेक्टर नऊला आले, अबोल माणूस, नियमाप्रमाणे दोन नमुने दिले, त्यातला एक पास झाला तरी पुरे. आबांना त्यांची नात दुपारी स्कूटीवरून आणणार होती. जावई सुरू केला तो लगेच लाल दिवा लावून थांबला, सांधा सापडत नाही म्हणून. मॅडम सांगलीहून निघाल्या होत्या, पोचायच्या होत्या. मालकांनी आबांना फोन करून सांगितलंसुद्धा, जावई बंद पडलाय, आज दत्ताचीच सगळी मदार. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हेल्मेट खाली घेतलं, ठिणगी पाडली. आणि हिरव्या उजेडाच्या बरोबर मध्ये, जिथं लोखंड वितळतं तिथंच, एक गोल डाग. कडेनं पिवळा, आत लाल.

मला वाटलं काचेला काही लागलंय. काच बदलली. डाग तिथंच. दुसऱ्याचं हेल्मेट घेतलं. तिथंच. हेल्मेट वर केलं की काही नाही, शेड स्वच्छ दिसते, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. ठिणगी पाडली की डाग, नेमका अंगठ्याएवढा. डावा डोळा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं. दोन्हींत. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं, डोळे साफ आहेत म्हणाले. पण त्या वेळी डॉक्टर नव्हते, इन्स्पेक्टर होते, आणि घड्याळ चालू होतं. मी अंदाजानं सांधा मारला. पाइपच्या खालच्या बाजूला लोखंड लोंबलं. इन्स्पेक्टरनी वाकून बघितलं आणि पट्ट्या कापायची तसदीसुद्धा घेतली नाही. एक नमुना गेला. ते म्हणाले, चहा घ्या, मग दुसरा मारा.

मी चहा घेतला नाही. बूथमध्ये बसून राहिलो. समोर जावई लाल दिवा लावून थांबला होता, मान खाली, आणि त्याच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा — कडेनं पिवळा, आत लाल. मग उठलो आणि जाळीचं दार उघडून आत गेलो.

हळद वाळून घट्ट झाली होती. बाटलीतलं पाणी घेतलं, शर्टाचं टोक ओलं केलं आणि लहान पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं हळूहळू पुसलं. नखानं खरवडलं नाही, ओरखडा पडेल म्हणून. पुसता पुसता तोंडातून गेलं, "चुकलं माझं." कुणाला म्हणालो ते विचारू नका. मागं वळलो तर दारात प्राजक्ता मॅडम उभ्या होत्या, पाठीवरची बॅगसुद्धा काढलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "थँक यू काका. मी वाटभर विचार करत होते, काय झालं असेल." त्यांना वाटलं मी दोष शोधून काढला.

त्यांनी जावई सुरू केला. तो ब्रॅकेट मारायला लागला आणि मी हेल्मेट खाली घेतलं. डाग नव्हता.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तो समोर होता, चालू होता, बघत होता. नेहमीसारखं मला ते पाठीपर्यंत कळत होतं. पण हात अवघडला नाही. पाइपच्या खालून सुरुवात केली, बगलेतून वर आलो, मनगट आपलं आपण वळत गेलं. तो त्याचं करत होता, मी माझं. तेवढ्या वेळात मला कुणाचाही हेवा वाटला नाही, हे मी खात्रीनं सांगतो, कारण चार महिन्यांत तसं पहिल्यांदाच झालं होतं. सांधा संपला. शेवट सरळ होता. पट्ट्या कापून आमच्याच प्रेसवर वाकवल्या. चार पट्ट्या, एकीलाही चीर नाही. इन्स्पेक्टरनी कागदावर सही केली आणि पहिल्यांदाच हसले.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, शेड गप्प झाली, आणि आबा आले. नातीनं हात धरून आणलं आणि ती बाहेर स्कूटीपाशी थांबली. मी पाया पडलो, पास झालो म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि स्टूल मागितलं. जाळीपाशी नको म्हणाले. माझ्या बूथशेजारी टाकायला लावलं.

"आन बघू," ते म्हणाले.

मी पाइपच्या नमुन्याचा उरलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याच्यावरून सावकाश अंगठा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटापाशी आले, थांबले, पुन्हा मागं गेले. काहीतरी शोधत होते.

"ह्यो कुनाचा रं? त्या साहेबानं करून दावला व्हय? सरळ हाय. चालंल."

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला सांधा होता तो. तो माझा आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांचा दुसरा हात तोवर शेजारच्या टेबलावर गेला होता. तिथं जावयाचे सकाळचे ब्रॅकेट ठेवलेले होते, अजून कोमट. त्यांनी वरचा उचलला, अंगठा फिरवला. शेवटाला नखभर मागं, डावीकडं वळण. अंगठा तिथंच थांबला.

"ह्यो तुजा," आबा म्हणाले. "जावई तर सकाळधरनं बंद हाय म्हनं... ह्यो तुजाच. शेपूट हाय की." आणि मग, ब्रॅकेट मांडीवर धरूनच, "दत्ता, हात बसला रं तुजा."

प्राजक्ता मॅडम पलीकडे डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या काही सांगायला पुढं आल्या, तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं. आबांच्या चष्म्याखालून पाणी येत होतं, ऑपरेशनचं असेल किंवा कशाचं ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "आबा, तुमीच बसवलाय." हात बसल्याचे ते शब्द मला सत्तावीस वर्षांनी मिळाले होते, आणि सात फुटांवर जाळीत उभ्या असलेल्या त्याचे होते, आणि मी ते घेतले.

आबा आता कायमचे मिरजेला असतात. शेडवर येत नाहीत. फोनवर बोलतात, आणि तिथल्या शेजाऱ्यांना माझं नाव सांगतात म्हणे. मी पाइपच मारतो. जावई समोरच आहे. त्याच्या प्रत्येक ब्रॅकेटला अजूनही शेपूट येतं, माझ्या सांध्याचा शेवट अजूनही सरळ आहे. मॅडमनी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावून दाखवलं, तोही केबलच बदलून गेला. डाग पुन्हा कधी दिसला नाही. तो ब्रॅकेट मी मालकांना विचारून घरी आणला, टीव्हीशेजारी ठेवलाय. सुनंदा विचारते, लोखंडाचा तुकडा घरात कशाला? मी म्हणतो, असू दे. कधी कधी त्याच्यावरून अंगठा फिरवून बघतो. माझाच वाटतो. मग आठवतं, आणि पुन्हा जळजळतं... अगदी पहिल्या दिवसासारखं.

कुणाला याचं कारण माहीत असेल तर जरूर लिहा. ठिणगी का ओढली जाते, डोळ्यापुढं डाग का येतो, काहीही लिहा, मी सगळं वाचेन, या वेळी खोट काढणार नाही. फक्त एक विनंती. हे सदर आबांची नात त्यांना मोबाईलवरून वाचून दाखवते. म्हणून नावं बदलली आहेत. कुणी ओळखलं, तर त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.